डिप्रेशनवरचे हसवणारे सिनेमे सुचवा (खिल्ली उडवणारे नकोत)

रेवती_

नमस्कार मंडळी, एरवी इथे नुसतं वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझ्या धाकट्या बहिणीला डिप्रेशन आहे. औषधं चालू आहेत, काउन्सेलिंगही चालू आहे, आणि आता ती हळूहळू सावरतेय, म्हणजे निदान संध्याकाळी आमच्यात येऊन बसते, काहीतरी लाव गं म्हणते. परवा तिने स्वतःहून सांगितलं की मला सिनेमा बघायचाय पण रडका नको, आणि त्यात माझ्यासारखं कोणीतरी पाहिजे. नुसती टाइमपास कॉमेडी लावली की तिला त्या लोकांशी काही घेणंदेणंच वाटत नाही, आणि गंभीर लावला तर दुसऱ्या दिवशीपर्यंत ते डोक्यात राहतं. ‘कासव’ लावला होता, सिनेमा फार सुंदर आहे, पण तिला सध्या झेपला नाही, मध्येच बंद केला. ‘डियर जिंदगी’ तिचा आवडता आहे, तो झालाय.

तर असे सिनेमे सांगा ज्यात डिप्रेशन, एन्झायटी, बायपोलर (मूड कधी खूप चढतो, कधी खूप कोसळतो), ओसीडी (तेच ते विचार, तीच ती कृती पुन्हा पुन्हा) असं काही आहे, तरी खरंच हसू येतं, पण वेडा माणूस वेडेवाकडे चाळे करतो म्हणून हसा अशातले नकोत. भाषा कुठलीही चालेल, सबटायटल्स वाचते ती. आणि आत्महत्येचा प्रसंग असेल तर प्लीज आधीच सांगा, आणि दाखवलाय की फक्त उल्लेख आहे तेही.

अजून एक. आईला हे सगळंच पटत नाहीये. तिचं म्हणणं, आजारपणावर कसलं हसायचं, उद्या तिच्या मनाला लागलं तर? मला तिला नीट उत्तर देता आलं नाही. तुम्हाला काय वाटतं तेही लिहा.

केदार_म

रेवतीताई, पहिलं नाव डोळे झाकून सांगतो, लिटल मिस सनशाइन (२००६). पटकथेला ऑस्कर मिळालंय आणि आजोबांचं काम करणाऱ्या ॲलन आर्किनलाही, पण ते जाऊ दे, तुम्हाला जे हवंय ते त्यात पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांतच आहे.

स्टीव्ह करेलने यात फ्रँक नावाच्या प्राध्यापकाचं काम केलंय. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेला, आणि त्याला एकटं ठेवायचं नाही असं हॉस्पिटलने सांगितलंय म्हणून बहीण त्याला आपल्या घरी घेऊन येते. (प्रयत्न सिनेमा सुरू व्हायच्या आधीच झालेला आहे, दाखवलेला नाही, हाताला बँडेज मात्र दिसतं.) घरात आधीच सगळा सावळागोंधळ. नवरा यशस्वी व्हायच्या नऊ पायऱ्या लोकांना शिकवत फिरतो आणि त्याचं स्वतःचं काहीच धड चाललेलं नाही, मुलाने न बोलायचा पण केलाय आणि जे सांगायचं ते वहीवर लिहून दाखवतो, आजोबा वेगळेच. मग रात्रीच्या जेवणाचा सीन येतो. लहानगी ऑलिव्ह सरळ विचारते, फ्रँकमामा तुझ्या हाताला काय झालं? आणि बाप विषय बदलायचा आटापिटा करत राहतो आणि आई म्हणते की नाही, खरं सांगूया तिला. फ्रँक तिला सगळं नीट सांगतो, कोणावर प्रेम बसलं, मग नोकरी कशी गेली, आणि ती पोरगी जेवता जेवता एकेक साधा प्रश्न विचारत जाते. आपण हसतो ते त्या बापाच्या कासावीस चेहऱ्याला. फ्रँकला कोणी हसत नाही. मला वाटतं तुमच्या आईंना नुसता हा एक सीन दाखवा, बाकी मुद्दा आपोआप त्यांच्या लक्षात येईल.

त्याच रात्री फ्रँकला त्या न बोलणाऱ्या भाच्याच्या खोलीत झोपायचं असतं. भाचा वहीवर लिहून दाखवतो की आज रात्री तरी जीव देऊ नकोस. फ्रँक म्हणतो, तुझ्या पाळीत नाही देणार, तुला असा त्रास मी देणार नाही. हसू येतं आणि घशात काहीतरी अडकतं. इतकं कमी बोलून एवढं सांगणारा सीन मला दुसरा आठवत नाही.

पुढे एक मृत्यू आहे, पण तो वेगळा, या विषयाशी संबंध नाही.

मुक्ता१२

केदार +१

माझ्याकडून सिल्व्हर लायनिंग्ज प्लेबुक (२०१२). बायपोलर असलेला पॅट आठ महिने उपचार घेऊन आईवडिलांकडे राहायला येतो. ब्रॅडली कूपर, जेनिफर लॉरेन्स, आणि वडलांच्या भूमिकेत रॉबर्ट डी निरो. आता यात गंमत बघा, आजारी म्हणून ठप्पा बसलाय तो मुलावर, आणि बाप मॅचच्या वेळी रिमोट अमुक जागीच हवेत, रुमाल हातात हवा, मुलगा शेजारीच बसायला हवा नाहीतर टीम हरते असं सगळं पाळणारा, पण तो मात्र नॉर्मल. आमच्या घरात बायपोलर आहे, माझ्या भावाला, त्यामुळे सांगते की ही गोष्ट अगदी खरी पकडलीय, एकदा निदान झालं की त्या माणसाने आवाज जरा चढवला तरी सगळे एकमेकांकडे बघतात की गोळी घेतली ना याने, आणि तोच आवाज दुसऱ्या कोणी चढवला तर त्याला स्वभाव म्हणतात.

पॅट आणि टिफनी (जेनिफर लॉरेन्स) पहिल्यांदा भेटतात तेव्हा भर जेवणाच्या टेबलावर कुठल्या गोळीने काय होतं याच्या गप्पा मारायला लागतात. यजमानांचे चेहरे बघण्यासारखे. माझा भाऊ त्या सीनला एवढा हसला की मला पॉज करावं लागलं. तो म्हणाला, हे असं कोणाशीतरी बोलता आलं पाहिजे. मला तेव्हा कळलं की आम्ही घरात औषधांबद्दल किती कुजबुजत बोलतो.

टिफनीच्या नवऱ्याचा मृत्यू झालेला आहे, त्याचा उल्लेख आहे, आत्महत्येचा प्रसंग नाही. आरडाओरडा मात्र भरपूर, घरातली भांडणं बहिणीला त्रास देत असतील तर विचार करा.

निखिल_जे

मुक्ता यांच्याशी पूर्ण सहमत नाही. सिनेमा छान आहे, पण शेवटी प्रेम जमलं, डान्स केला आणि सगळं मार्गी लागलं असा जो शेवट आहे तो मला खटकतो. माझी स्वतःची डिप्रेशनची ट्रीटमेंट झालीय आणि त्या काळात मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर कोणीतरी चांगलं भेटलं की होशील बरा या वाक्याचा. आजारी माणूस ते खरं मानून वाट बघत बसतो आणि जो जोडीदार मिळतो त्याच्यावर केवढं ओझं येतं. ॲज गुड ॲज इट गेट्स (१९९७) मध्येही थोडं तसंच आहे. निकोल्सनचं काम अफाट, ओसीडीचे बारकावे, दर वेळी हात धुताना नवीन साबण, रस्त्यावरच्या फटींवर पाय पडू नये म्हणून चालण्याची कसरत, सगळं बघण्यासारखं, पण पुन्हा एका बाईने त्याला सुधारायचं.

मुक्ता१२

निखिल, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि होशील बरा हे वाक्य आम्हीही खूप ऐकलंय. पण सिल्व्हर लायनिंग्जचा डान्सचा सीन मला वेगळा दिसतो. त्यांना स्पर्धा जिंकायचीच नसते, दहापैकी सरासरी पाच मार्क हवे असतात, एवढीच पैज असते. आणि बरोबर पाच पडतात तेव्हा ते सगळं कुटुंब नाचतं, मिठ्या मारतं, आणि बाकीच्या लोकांना कळतच नाही की पाचला कसला एवढा आनंद. भाऊ पहिल्यांदा एकटा दुकानात जाऊन आला त्या दिवशी आम्ही असेच वागलो होतो. बाहेरच्याला ते कळणार नाही. आणि पॅट आधी गोळ्या नाकारतो, मग घ्यायला लागतो, तेही आहे की त्यात. रोजचा सराव, ठरलेली वेळ, शरीराला हालचाल, यातलं काहीही नुसतं प्रेम नाहीये.

निखिल_जे

पाच मार्कांचं मान्य. खरंच मान्य. पुन्हा बघतो.

रेवती, माझ्याकडून दोन नावं. दोन्हीत प्रेमाने बरं होणं नाही म्हणून मुद्दाम सांगतोय.

पहिला लार्स अँड द रिअल गर्ल (२००७). रायन गॉस्लिंग. भावाच्या घराशेजारच्या गॅरेजमध्ये एकटा राहणारा, माणसांचा स्पर्शसुद्धा सहन न होणारा लार्स एक दिवस सांगतो की माझी मैत्रीण आलीय, आणि घेऊन येतो ती बियांका नावाची मोठी बाहुली. त्याच्यासाठी ती खरी. कथा वाचून वाटेल की हा चावट विनोदाचा सिनेमा असणार, तर तसं अजिबात नाही, बहिणीबरोबरच काय आईबरोबरही बघता येईल. डॉक्टर भावाला आणि वहिनीला सांगते की त्याला खोटं पाडत बसू नका, तो म्हणतो तसं चालू द्या, आणि मग हळूहळू सगळं गाव तिला खरी मानून वागायला लागतं, तिला कामं मिळतात, लोक तिला घेऊन जायला येतात. विनोद सगळा तिथे आहे, एवढे मोठे माणसं किती गंभीरपणे हे करतात त्यात. आणि एका क्षणी लार्स चिडतो की बियांकाला माझ्यासाठी वेळच नाही, कोणाला माझी पर्वा नाही, तेव्हा इतके दिवस गोड बोलणारी वहिनी उखडते. ती त्याला सांगते की हे सगळे लोक तिला उचलतायत, कपडे घालतायत, फिरवतायत ते कोणासाठी? तुझ्यासाठी करतायत. आजारी माणसावर चिडता येतं आणि तरी प्रेम असतं हे मी पहिल्यांदा कुठल्या सिनेमात बघितलं असेल तर यात. माझ्यावर कोणी चिडतच नव्हतं त्या काळात, सगळे काचेच्या भांड्यासारखं जपत होते, आणि त्याने माणूस जास्त एकटा पडतो.

दुसरा फ्रँक (२०१४). मायकेल फासबेंडर जवळजवळ पूर्ण सिनेमाभर डोक्यावर एक मोठं खोटं डोकं घालून आहे, बँडचा गायक. नवीन आलेला पोरगा जॉन याला वाटत असतं की या माणसाच्या वेदनेतूनच ही कला येते, आपल्यालाही असं काही सोसायला मिळालं असतं तर आपणही मोठे झालो असतो. शेवटाकडे तो फ्रँकच्या आईवडलांना विचारतो की याच्या बाबतीत असं काय घडलं होतं. ते म्हणतात काहीही घडलं नव्हतं, त्याला मानसिक आजार आहे. संगीत त्याच्यात आधीपासून होतं, आजाराने उलट त्याला मागे ओढलं. बहिणीला काही चित्रं काढायचा, लिहायचा नाद असेल आणि कोणी तिला म्हणत असेल की दुःखातूनच कला येते वगैरे, तर हा नक्की दाखवा. यात मात्र एका पात्राचा आत्महत्येने मृत्यू आहे, नंतर तो सापडतो असं दाखवलंय, त्यामुळे आत्ता नको, पुढे कधीतरी.

सुनंदा_समुपदेशक

रेवती, मी याच क्षेत्रात काम करते. तुमच्या आईचा प्रश्न आधी घेते कारण तो महत्त्वाचा आहे.

त्यांची भीती उगाच नाही. आपण लहानपणापासून जे विनोदी सिनेमे बघितले त्यात वेड्यांचं इस्पितळ म्हणजे हमखास हशा, शॉक देण्याचं मशीन म्हणजे हमखास हशा. लोक आजही उपचारांना घाबरतात, आणि शॉक देतील का हा प्रश्न माझ्यापाशी बसून लोक कुजबुजत विचारतात, त्यात त्या सिनेमांचा वाटा आहेच. तेव्हा आईंना सांगा की तुझं बरोबर आहे, तसले सिनेमे आपण आणणारच नाही. पण आजारी माणसालाही दिवसभरात हसण्यासारखं दिसतं, सुचतं, आणि ते हसू चोरून ठेवावं लागलं तर त्याला वाटतं की आपण आता फक्त पेशंट उरलो. बहिणीने स्वतः मागितलंय ना? तेवढं पुरे आहे.

माझी शिफारस इनसाइड आउट (२०१५), लहान मुलांचा म्हणून सोडू नका. ११ वर्षांच्या रायलीच्या डोक्यातल्या भावनांची गोष्ट, आनंद, दुःख ही त्यात चक्क पात्रं आहेत. दोन जागा सांगते. बिंग बाँग नावाचा तिचा काल्पनिक मित्र सगळं गमावून बसतो तेव्हा आनंद त्याला गुदगुल्या करते, तोंडं वेडीवाकडी करते, चल चल म्हणते, काही उपयोग होत नाही. दुःख नुसती त्याच्या शेजारी बसते आणि म्हणते, तुझं आवडतं काहीतरी गेलं ना. तो रडतो, आणि मग उठतो. घरच्यांना मी तासभर बोलून जे समजावते ते इथे एका मिनिटात होतं. दुसरी जागा म्हणजे या भावना जिथून रायलीला चालवतात ते कंट्रोल पॅनेल काळं-करडं पडतं आणि कुठलीच भावना चालेनाशी होते. नुसतं खूप दुःख होणं आणि काहीच न वाटणं यातला फरक इतका सोपा करून कोणी दाखवला नव्हता. दुसऱ्या भागात (२०२४) एन्झायटी आहे, आणि पॅनिक अटॅक फार नेमका दाखवलाय, त्यातून रायली बाहेर येते तेही, श्वास, हाताला लागणारा बाक, ऊन. ज्यांना असे अटॅक येतात त्यांना तो सीन बघताना छातीत धडधडू शकतं, आधी कल्पना देऊन ठेवा.

आणि अ मॅन कॉल्ड ओव्ह (२०१५, स्वीडिश) किंवा त्याचा टॉम हँक्सवाला अ मॅन कॉल्ड ऑटो (२०२२), द स्केलिटन ट्विन्स (२०१४) ही नावं कोणी ना कोणी सुचवेलच. सिनेमे चांगले आहेत, मायाळू आहेत, पण त्यात प्रयत्न दाखवलेत, ओव्हमध्ये तर पुन्हा पुन्हा. सध्या बाजूला ठेवा. तिच्या मनात असे विचार येतात का हे तिला सरळ विचारायला घाबरू नका, विचारल्याने ते वाढत नाहीत, आणि हो म्हणाली तर त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांशी बोला.

अमेय

सुनंदाताईंचा प्रतिसाद साठवून ठेवला.

हिंदीतलं थोडं लिहितो कारण अजून कोणी लिहिलं नाही. लगे रहो मुन्नाभाई (२००६) सगळ्यांनी बघितलाय पण या नजरेने पुन्हा बघा. मुन्नाला न दिसणारा माणूस दिसतो, तो बोलतो त्याच्याशी, आणि भर लोकांसमोर एक डॉक्टर सिद्ध करून दाखवतो की बापू त्याला तेवढंच सांगू शकतात जेवढं त्याला स्वतःला माहीत आहे. मुन्नाचा चेहरा बघा तेव्हा. तरी तो शिकला ते खोटं ठरत नाही, आणि त्याचा मित्र सर्किट त्याला बापू दिसत नसतानाही त्याच्या बाजूने उभा राहतो. आजाराचा सिनेमा म्हणणार नाही मी त्याला, पण मैत्री कशी निभवावी याचा आहे.

छिछोरे (२०१९) हॉस्टेलच्या भागात खूप हसवतो, पण सुरुवातच मुलाच्या आत्महत्येच्या प्रयत्नाने आहे, तो दाखवलाय, आणि सिनेमा अपयशाबद्दल बोलतो, आजाराबद्दल नाही. परीक्षेत नापास झालं म्हणून खचलेल्याला तो दाखवा, डिप्रेशन असलेल्याला तो अपुरा वाटेल. भूल भुलैया (२००७) तर अजिबात नको, आजार म्हणजे जवळजवळ भूतच करून टाकलंय.

मराठीत देवराई (२००४), कासव असे गंभीर सिनेमे झाले, कासवला तर सुवर्णकमळ मिळालं. त्याच जाणतेपणाने कोणी हलकाफुलका सिनेमा करावा असं फार वाटतं. आपल्याकडे विनोदाची समज आहे, लिहिणारे आहेत.

बाकी पटकन, पॅनिक अटॅकवर अनॅलाइज धिस (१९९९), डी निरो माफिया डॉन आणि त्याला हार्ट अटॅक नाही, पॅनिक अटॅक आलाय असं सांगणाऱ्या डॉक्टरलाच तो बदडतो. पुरुषांनी नक्की बघावा, असं निदान ऐकून घेणं कमीपणाचं वाटणारे खूप आहेत.

रातकिडा

सगळे जण आजारी माणसासाठी सांगतायत, मी रेवती तुमच्यासाठी एक सांगते. अ रिअल पेन (२०२४). जेसी आयझेनबर्गने लिहिलाय, दिग्दर्शन त्याचंच आणि काम पण केलंय, आणि किरन कल्किनला यासाठी सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. दोघे चुलत भाऊ, आजी गेल्यावर तिचा देश बघायला पोलंडला जातात. बेंजी जिथे जाईल तिथे लोकांना आपलंसं करतो, हसवतो, आणि मग एकदम कोसळतो, आणि डेव्हिड त्याच्या मागे माफी मागत फिरतो. मला सारखं हसू येत होतं. मग एका रेस्टॉरंटमध्ये बेंजी उठून जातो आणि डेव्हिड त्या ग्रुपमधल्या अनोळखी लोकांसमोर बोलायला लागतो, की माझं याच्यावर किती प्रेम आहे, मला याचा किती राग येतो, मला याच्यासारखं व्हायचं असतं, आणि याने असं करायचा प्रयत्न केला हे मला समजूच शकत नाही. (उल्लेख आहे, दाखवलेलं नाही.) मी माझ्या मैत्रिणीसाठी खूप वर्षं हे सगळं एकाच वेळी वाटून घेतलंय आणि मला वाटायचं की राग येतो म्हणजे मी वाईट आहे. तुम्हालाही येत असेल. येऊ दे.

शेवटी सगळं छान होत नाही, हे सांगून ठेवते. एकटीने बघा आधी.

रेवती_

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं. बहिणीला धागा वाचायला दिला, तिने निखिल यांचा काचेच्या भांड्याचा भाग मला मोठ्याने वाचून दाखवला आणि काही न बोलता माझ्याकडे बघत बसली, तर तो निरोप पोचला. लार्स तिने स्वतः निवडलाय, शनिवारी लावतोय. आईला लिटल मिस सनशाइनचा जेवणाचा सीन दाखवला. ती हसली नाही, पण म्हणाली की त्या मुलीला खरं सांगितलं ते बरं केलं, आणि पुढचा सिनेमा बघायला बसून राहिली.

सुनंदाताई, तुम्ही म्हणालात ते तिला विचारलं. विचार आत्ता नाहीयेत, आधी होते, डॉक्टरांना माहीत आहे. तिने सांगितलं की कोणीतरी असं सरळ विचारावं असं तिला वाटत होतं. रातकिडा, तुम्हाला वेगळं लिहीन.

एक विचारायचं होतं, इन्फिनिटली पोलर बेअर असं नाव एका ठिकाणी दिसलं, मार्क रफालोचा. कोणी पाहिलाय का? लावू का?

मुक्ता१२

पाहिलाय, लावा. बायपोलर असलेला बाप, बायको शिकायला दुसऱ्या शहरात जाते आणि दोन मुली याच्यावर सोपवते. दिग्दर्शिकेच्या स्वतःच्या लहानपणावर आहे आणि तिच्याच मुलीने एका मुलीचं काम केलंय. घरभर पसारा, मुलींना मैत्रिणींना घरी आणायची लाज वाटते, आणि तोच बाप रात्रभर जागून मुलीसाठी नाचाचा घेरदार स्कर्ट शिवतो. दोन्ही एकाच माणसात. दारू पिणं आणि औषधं नीट न घेणं दाखवलंय, आत्महत्येचं काही आठवत नाही. लार्सनंतर हाच लावा, आणि आईंनाही बसवा.